राहाबेचं घर पडलं कसं नाही?

साठ-साठ पोरांचा वर्ग वत्सलाबाई साळवे नुसत्या चष्म्यावरून बघून गप्प करायच्या. महापालिकेच्या शाळेत उभी हयात गेली, पण छडी म्हणून हातात धरली नाही. एकदा खणखणीत आवाजात ‘गप्प बसा’ म्हटलं की पोरंच काय, शेजारच्या वर्गातले गुरुजीसुद्धा गप्प बसायचे. आणि अशा बाईच्या पदरात निवृत्तीनंतर देवानं काय टाकावं? तर एकलहऱ्याच्या प्रार्थनागृहातला बुधवारचा शास्त्राभ्यास, आणि त्यात तीन बायका. तीनच! पण साठ पोरं परवडली, या तिघी नकोत, असं बाईंना दर बुधवारी वाटायचं.

एक पुतळाबाई. मूळच्या सिन्नरकडच्या. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, पण जिभेची नोकरी अजून चालू. दुसरी रोशनी, नुकतंच लग्न होऊन आलेली, कशालाही फिस्सकन हसणारी. आणि तिसरी लताबाई. लताबाईचा नवरा थर्मलच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होता, आणि वाफ मात्र लताबाईच्या तोंडातून निघायची. दर ओळीला प्रश्न. बाईंनी मोशे मेला म्हणून सांगितलं, तर ही विचारणार, त्याच्या बायकोचं पुढं काय झालं?

त्या साली, म्हणजे सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर, बाईंनी बायबलातला यहोशवाचा भाग काढला. मोशे गेला, यहोशवा पुढारी झाला, लोकांना घेऊन यार्देन नदी उतरला आणि यरीहोच्या तटबंदी शहरासमोर उभा राहिला. पुढारी कसा असावा, हे या बायकांच्या डोक्यात उतरावं एवढीच बाईंची माफक इच्छा. पण गाडी त्या शहरातल्या राहाबेपाशीच अडली.

“बाई, ही राहाब करायची काय?” लताबाईनं विचारलं.

“खाणावळ चालवायची.”

“माझ्या पुस्तकात तर वेगळाच धंदा लिहिलाय.”

रोशनी फिस्सकन हसली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

“ती कोण होती हे महत्त्वाचं नाही,” बाई दात आवळून म्हणाल्या. “तिनं इस्राएलच्या हेरांना आपल्या घरात लपवलं, हे महत्त्वाचं. म्हणून तट कोसळला तेव्हा ती आणि तिचं घरदार वाचलं. कळलं?”

“नाही कळलं,” लताबाई म्हणाली. “तिचं घर तटाच्या भिंतीवरच होतं ना? इथं लिहिलंय की, खिडकीतून तिनं हेरांना दोरानं खाली सोडलं. मग अख्खी भिंत पडली, तर तिचं घर पडलं कसं नाही?”

बाईंनी इतकी वर्षं हा भाग शिकवला, पण असा भोचकपणा कुणी केला नव्हता. त्या म्हणाल्या, “देवाची इच्छा.” लताबाई म्हणाली, “ते झालंच. पण कसं?” बाईंनी पुस्तक मिटलं आणि प्रार्थना करायला घेतली, कारण प्रार्थना चालू असताना तरी कुणी मध्ये बोलत नाही.

आता भिंतीचा विषय निघालाच आहे, तर बाईंच्या डोक्याला झालेल्या खऱ्या तापाबद्दल सांगायला हवं. तीही भिंतच होती. प्रार्थनागृह म्हणजे नाल्याच्या काठाची पत्र्याची एक खोली. बाईंच्या यजमानांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. डांबरी रस्त्यावरून तिथं यायला एक जुनी पायवाट होती. ती देवराम आणि वाल्मीक या दोन भावांच्या घरांमधून जायची. भाऊ चांगले होते, पायवाट मोकळी होती, सगळं सुखात चाललं होतं. मग वाल्मीकनं ट्रॅक्टर घेतला, आणि एका संध्याकाळी ट्रॉली मागं घेताना देवरामच्या अंगणातलं तुळशीवृंदावन फोडलं. चुकून फोडलं म्हणा, पण देवरामला ते मुद्दाम वाटलं. झालं! पुढच्या आठवड्यात देवरामनं स्वतः थापी हातात घेऊन दोन घरांच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत बांधली. पायवाटेच्या दोन्ही तोंडांना ती अशी वळवली की मधून मांजरसुद्धा जाऊ नये.

“आमच्या वाटणीचं भांडण हाय बाई, तुमचा काय संबंध नाय,” देवराम म्हणाला होता.

संबंध नाही! रस्ता बंद झाला तो प्रार्थनेला येणाऱ्यांचा. आता नाल्यातून चिखल तुडवत यावं लागायचं. म्हाताऱ्या माणसांनी यायचं सोडलं. उपासनेला पंचवीस माणसं असायची, त्यांची सात-आठ झाली. नाशिकरोडच्या पाळकसाहेबांनी नोव्हेंबरात सांगून टाकलं, की नाताळपर्यंत माणसं वाढली नाहीत तर ही खोली बंद करू, सगळे नाशिकरोडच्या मोठ्या चर्चमध्ये या. तिथं पंखे आहेत, बाकं आहेत, गायनमंडळ आहे.

असेल! पण या पत्र्याच्या खोलीत वत्सलाबाई ‘बाई’ होत्या. त्यांनी शिकवलेली माणसं इथं होती, त्यांच्या यजमानांच्या हातची खुंटी भिंतीत होती. मोठ्या चर्चमध्ये त्या पंख्याखालच्या मागच्या बाकावरची एक म्हातारी होणार होत्या. रात्री अंथरुणावर पडलं की हा बाक त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा आणि झोप उडायची.

तर पुढच्या बुधवारी यरीहोचा वेढा. सहा दिवस रोज एक फेरी, कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, पुढं याजक, देवाच्या आज्ञांची पेटी म्हणजे कराराचा कोश, रणशिंगं. सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग सगळ्यांनी एकदम जयघोष केला आणि तट जागच्या जागी कोसळला. बाईंनी आज्ञापालनावर मस्त रंगवून सांगितलं. संपल्यावर पुतळाबाई गुडघा चोळत म्हणाल्या, “मंग आपुन पण घालू की फेऱ्या. देवरामच्या भिंतीला.”

“पुतळाबाई, धडा आज्ञापालनाचा आहे, भिंती पाडायचा नाही.”

“पाळू की मंग आज्ञा. कुणी नाय म्हनलंय?”

“अय्या, खरंच घालू या बाई!” रोशनी म्हणाली.

बाईंना कपाळाला हात लावावासा वाटला. हा काय पोरखेळ आहे, असं त्या म्हणणारच होत्या. पण तो मागचा बाक पुन्हा डोळ्यांसमोर आला. देवरामला विनवून झालं होतं, ग्रामपंचायतीत जाऊन झालं होतं, पाळकसाहेबांच्या हातापाया पडून झालं होतं. उरलं काय होतं? आणि ज्या देवानं एवढा मोठा तट पाडला, त्याला देवरामची चार विटांची भिंत काय जड?

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण एक अट. फेरीत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही. एक शब्द जरी फुटला, तरी पहिल्यापासून परत चालायला लावीन. समजलं, लता?”

“माझंच नाव का घेता बाई?”

“तुझंच घेते.”

सोमवारी पहाटे सगळ्या जमल्या. थंडी अशी की थर्मलच्या चिमण्यांचा धूरसुद्धा वर जायला आळस करत होता. भिंतीला सरळ वळसा घालता येत नव्हता. देवरामच्या अख्ख्या वस्तीला फेरी घालावी लागणार होती. नाल्याकडून निघायचं, कांद्याच्या चाळीमागून डांबरी रस्त्यावर यायचं, आणि वाल्मीकच्या गोठ्याच्या अंगानं परत. देवराम त्या वेळी दुधाच्या किटल्या लावून नाशिकरोडला गेलेला असायचा, त्यामुळं हटकणारं कुणी नव्हतं.

पण निघायच्या आधीच खोळंबा. उजवीकडून जायचं की डावीकडून?

“शास्त्रात काय लिहिलंय?” लताबाईनं विचारलं.

“काही लिहिलेलं नाही.”

“मग उजवा हात भिंतीकडं ठेवू. तशीच सवय असते सगळ्यांना.”

बाईंना ते फारसं रुचलं नाही, कारण तशी प्रदक्षिणा देवळाला घालतात. पण पुतळाबाई आधीच त्या दिशेनं लंगडत निघाल्या होत्या. फेरी सुरू झाली. दहा पावलं नाही गेली तोवर रोशनीला शिंक आली, शिंकेवर ती हसली, आणि तिला गप्प करायला लताबाई ‘शूऽऽ’ करत राहिली. ‘शूऽऽ’ हा शब्द धरायचा की नाही, याचा विचार करत बाई पुढं चालत राहिल्या. यहोशवाला सहा लाख माणसं गप्प ठेवता आली. त्याच्या सैन्यात लताबाई नसणार, दुसरं काय!

चाळीपाशी देवरामची बायको सगुणाबाई शेणाच्या गोवऱ्या लावत होती. एवढ्या पहाटे चार बायका एकामागं एक, तोंडं मिटून, तिच्या घराला उजवी घालून चालल्यात, हे बघून ती गोवरी हातातच धरून उभी राहिली. बाईंनी मान ताठ ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती वाटेतच उभी होती. यांना पाहताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आली. ताटलीत चार कप, आल्याचा वास. आणि त्या तिघी! मेल्यांनो, वेढ्याला आलाय की पाहुणचाराला? लताबाईनं कप उचलला, रोशनीनं उचलला, पुतळाबाईंनी तर बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायला. अर्थात न बोलता. बाईंनी मानेनंच ‘नको’ म्हटलं आणि चार पावलं पुढं जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. अंगाचा तिळपापड होत होता, पण बोलायची बंदी त्यांनीच घातलेली.

फेरी संपून प्रार्थनागृहात आल्यावर त्यांनी तोंड सोडलं.

“लाज कशी वाटली नाही गं? जिची भिंत पडावी म्हणून आपण चालतोय, तिच्याच घरचा चहा?”

“हेर राहाबेच्या घरी काय उपाशी राहिले असतील, बाई?” लताबाई म्हणाली.

“फाजीलपणा पुरे! अगं, त्या बाईची समजूत काय झालीय ते कळतंय का? तिच्या दारात उंबर आहे. तिला वाटतंय आपण उंबराला प्रदक्षिणा घालतोय. हात जोडते ती आपल्याला!”

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. रोशनी हसणार होती, पण पुतळाबाईंनी तिच्या पाठीत हळूच कोपर मारलं.

“असंल तसंच असंल,” पुतळाबाई म्हणाल्या. “भाबडी हाय बिचारी.”

चौथ्या दिवसापासून तर कहरच झाला. सगुणाबाई त्यांच्या मागं चालायला लागली. अनवाणी, पदर घेऊन, तोंड मिटून. आणि खरं सांगायचं तर गप्प राहायची शिस्त त्या एकटीनंच नीट पाळली. फेरी संपल्यावर तिनं बाईंना हळूच विचारलं, “मास्तरीणबाई, किती दिस हाय अजून?”

“रविवारपर्यंत,” बाई तुटकपणे म्हणाल्या.

“बरं,” ती म्हणाली आणि घरात गेली.

त्या ‘बरं’नं बाईंचा जीव खाल्ला. काय ती श्रद्धा! आणि आपण काय करतोय? याच बायकांना आपण आखानाची गोष्ट शिकवली. लुटीतली वस्तू तंबूखाली पुरून ठेवली आणि सगळ्या इस्राएलचा पराभव ओढवून घेतला त्यानं. लपवलेलं फळत नाही, असं आपणच टेबलावर हात आपटून सांगितलं. आता आपल्या तंबूखाली काय पुरलंय? एका भोळ्या बाईचे जोडलेले हात. शुक्रवारी बाईंना जेवण गेलं नाही. शनिवारी सगुणाबाईनं पुतळाबाईंच्या गुडघ्याला लावायला गरम तेल आणलं, तेव्हा तर त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. रस्ता हवा होता. खोली वाचायला हवी होती. पण अशी? ही चीड कुणावर काढावी तेही कळेना, म्हणून त्यांनी ती लताबाईवर काढली, वहाणा वाजवत चालते म्हणून.

रविवार उजाडला. सात फेऱ्या. रणशिंगं कुठून आणायची, हा प्रश्न लताबाईनंच सोडवला होता. थर्मलचा आठचा भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम जयघोष करायचा. तिसऱ्या फेरीनंतर पुतळाबाई चाळीच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, मी इथूनच मनानं चालते. बाकीच्या चालत राहिल्या. आज सगुणाबाई मागं नव्हती. घरात चहाचं आधण ठेवत असेल, बाईंच्या मनात आलं.

सातवी फेरी संपली. पुतळाबाईही दगडावरून उठून आल्या आणि चौघी भिंतीसमोर उभ्या राहिल्या. समोर ती वेडीवाकडी भिंत, तिच्यामागं देवरामचं घर, पलीकडं वाल्मीकचं. भोंगा झाला. लांबलचक, कर्कश, सगळ्या एकलहऱ्यावरून फिरून आला. तिघींनी छात्या भरून घेतल्या आणि बाईंकडं पाहिलं.

“चला घरी,” बाई म्हणाल्या.

“आँ?”

“मी ओरडणार नाही. तुम्हीही ओरडायचं नाही. ती बाई आपल्याला भाविक समजून रोज हात जोडते आणि आपण तिच्याच दारात... मला जमणार नाही. जाऊ दे ती खोली. मी बसेन मागच्या बाकावर.”

“अहो बाई, ऐका तरी! ती सगुणाबाई ना, तिला...” लताबाई कळवळून बोलायला लागली.

“गप्प!”

“पण बाई...”

“लता, एक अक्षर काढू नकोस! सात दिवस तुझं तोंड बघतेय. घरी जा.”

पुतळाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या तरातरा देवरामच्या फाटकातून आत गेल्या. आता जे असेल ते तोंडावर सांगून मोकळं व्हायचं.

सगुणाबाई चुलीपाशी नव्हती, ओट्यावर नव्हती, उंबराखालीही नव्हती. ती घराच्या अंगाला, भिंतीला खेटून उभी होती. पदर कमरेला खोचलेला. बाईंना बघून ती दचकली.

“सगुणाबाई,” बाई एका दमात म्हणाल्या, “मला माफ करा. तुम्हाला वाटतं तसं काही नाही. आम्ही तुमच्या उंबराला प्रदक्षिणा घालत नव्हतो. आमच्या शास्त्रात एक गोष्ट आहे. सात दिवस फेऱ्या घालायच्या आणि ओरडायचं, की भिंत पडते. आम्ही तुमची भिंत पडावी म्हणून चालत होतो. तुम्ही चहा दिलात, तेल दिलंत, आणि आम्ही...”

सगुणाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं.

“मंग वरडला का नाय?” ती म्हणाली.

“काय?”

“भोंगा झाला की वरडायचं ठरलं व्हतं ना? मी कवाची थांबलीये. तुमचा आवाजच नाय!” आणि तिनं पाठीमागून हात पुढं आणला. हातात पहार होती.

बाईंना आधी काही उमगेच ना.

“तुम्हाला... तुम्हाला हे माहीत होतं?”

“आता घ्या! पयल्याच दिशी दुपारच्याला गिरणीत लताबाई भेटल्या की. समदी गोष्ट सांगितली त्यांनी. तो तुमचा पुढारी, ती भिंत, ती आतली बाई. लय आवडली मला.”

“गिरणीत!” बाई किंचाळल्याच. “अख्ख्या गिरणीत?”

“तुमाला सांगू नका म्हनल्या. नायतर बाई पयल्यापासून चालायला लावतील, पुतळाबाईचा गुडघा जाईल म्हनल्या.”

बाईंनी भिंतीला हात टेकला. भिंत ओलसर लागली. सगुणाबाई आवाज खाली आणून सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. भाऊभाऊ भांडले, पण तिचं आणि कुसाबाईचं काय भांडण होतं? वाल्मीकची बायको कुसाबाई तिची धाकटी जाऊ. एकाच मांडवात दोघींची लग्नं झालेली, एका चुलीवर पंधरा वर्षं भाकरी थापल्या. कुसाबाईच्या पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि हिला भिंतीपलीकडून नुसतं कण्हणं ऐकायला यायचं. बघायला जायची सोय नाही. गेलीस तर माझं तोंड बघू नको, असं देवरामनं सांगून ठेवलेलं.

“मी एकटीनं घाव घातला असता तर घरफोडी म्हनले असते मला. म्हनलं, तुमच्या देवाच्या नावानं आवाज झाला, की मी हिकडून घालते, कुसाबाई तिकडून. लताबाईनं तिकडं बी सांगून ठेवलंय. ती सहा दिस झाले धुन्याचं पानी भिंतीच्या बुडाला वततीये. ह्यांनी रागारागात बांधली, सिमेंट कमी अन् वाळूच जास्त. पडंल चटकन. पन तुमी वरडायलाच तयार नाय!”

रस्त्याच्या बाजूनं फटफट आवाज आला. दुधाच्या किटल्या खडखडल्या. देवराम आला होता. सात फेऱ्यांच्या नादात फार उशीर झाला होता.

“आलं वाटतं मानूस,” सगुणाबाईचा चेहरा पडला. “आता ऱ्हायलंच म्हना.”

तिच्या हातातली पहार खाली यायला लागली. ते बघून वत्सलाबाईंच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. सात दिवसांची थंडी, तो न घेतलेला चहा, गिरणीत झालेली शोभा, पाळकसाहेबांचे पंखे, मागचा बाक, सगळं एकदम घशाशी आलं. जयघोष करायचा होता. ‘हालेलुया’ म्हणायचं ठरलं होतं. पण आयुष्यभर त्या गळ्यानं मोठ्यानं ओरडायचं म्हणून एकच गोष्ट ओरडली होती, आणि ऐन वेळी तीच बाहेर आली.

“गप्प बसाऽऽ!”

उंबरावरचे कावळे उडाले. देवरामनं गाडी जागेवरच बंद केली. आणि चाळीमागून, घरी जा म्हटलं तरी न गेलेल्या तिघी, ‘हालेलुयाऽऽ’ म्हणून अशा ओरडल्या, की सात दिवस पोटात कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. भिंतीच्या पलीकडून कुणीतरी ओरडलं, “आक्काऽ, घाल!”

सगुणाबाईनं पहार उचलली आणि घातली. पलीकडूनही धप्प झालं. तिसऱ्या घावाला मधल्या विटा भसकन खाली आल्या आणि धुरळा उडाला.

“अगं ए! काय चाललंय?” देवराम किटली हातात घेऊनच धावत आला. “कोण पाडतंय भिंत?”

“भिंत पडतीये,” सगुणाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. “बाजूला व्हा, पायावर वीट पडंल.”

धुरळा बसला. भगदाडातून कुसाबाईचा चेहरा दिसला. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात कुदळ, गाल आत गेलेले. दोघी जावा एकमेकींकडं बघतच राहिल्या.

“किती बारीक झालीस गं,” सगुणाबाई म्हणाली, आणि पहार टाकून तिनं भगदाडातून दोन्ही हात पलीकडं घातले.

देवरामनं बायकोकडं पाहिलं, भावजयीकडं पाहिलं. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या वत्सलाबाईंकडं असं पाहिलं, की बाईंनाच वाटलं, आता आपल्यावर किटली येते. पण बायका रडायला लागल्या की पुरुषानं करायचं काय, हे काही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो किटली ठेवून ओट्यावर बसला. टोपी काढली, परत घातली. पलीकडं वाल्मीकही बाहेर येऊन उभा होता. दोघे भाऊ एकमेकांकडं सोडून सगळीकडं बघत होते.

“अर्धीमुर्धी ठिवू नका,” शेवटी देवराम चिडून म्हणाला. “दारात भगदाड बरं दिसतं का? पाडायची तर सगळी पाडा. आन् त्याला म्हनावं, इटा उचलायला ट्रॉली आन तुझी. सरळ आन म्हनावं ह्या टायमाला.”

त्या दिवशी उपासना अकरा वाजता सुरू झाली, कारण दहा वाजेपर्यंत मंडळी विटा उचलत होती. पुतळाबाई त्या वाटेनं सगळ्यांत आधी गेल्या, दोन्ही हात दोन घरांच्या भिंतींना टेकत, एखाद्या राणीसारख्या. त्या अर्थातच गप्प नव्हत्या.

पण त्याआधी सगुणाबाईनं चहा केला. दोन घरांच्या मध्ये, विटांच्या ढिगावर बसून सगळ्यांनी घेतला. ताटली बाईंच्या पुढं आली. या वेळी त्यांनी कप उचलला. साखर अतोनात होती. तरी त्यांनी दुसरा घोट घेतला.

लताबाई शेजारी येऊन बसली, जराशी घाबरतच. गिरणीचं निघणार हे तिला ठाऊक होतं. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. लताबाईनं मान खाली घातली.

“लता.”

“चुकलं बाई.”

“तू मागं विचारलं होतंस ना. राहाबेचं घर भिंतीवर होतं, तर ते पडलं कसं नाही?”

“हो, कसं बाई?”

बाईंनी समोर पाहिलं. भिंत पडली होती, दोन्ही घरं जागेवर होती. सगुणाबाई आपल्या पदरानं कुसाबाईचं तोंड पुसत होती आणि तिला रागावत होती, ऑपरेशनच्या अंगानं कुदळ कशाला उचललीस, टाके उसवले असते म्हणून.

“काही नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या. “गप्प बस आणि चहा पी.”